वकिलांनी गुन्हा कबूल केला

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, धंद्याने सोफे-खुर्च्यांच्या गाद्या भरणारे. पण ओळखीचे सगळे त्यांना वकील म्हणतात. काम करताना तोंडात खिळे धरलेले असतात तेवढा वेळच काय ते गप्प. एरवी कुणाचं काही चुकलं की संपलंच. भाजीवाल्याचा तराजू, बँकेतली रांग, शेजाऱ्याचा गळका नळ, कशावरूनही हुज्जत, आणि त्यात माघार घेतलेली मी तरी कधी पाहिली नाही. डोकं उठवतात अगदी.

ताई स्टेशनवर अनाउन्समेंट करते. कोणती गाडी किती नंबरवर येते ते माइकवरून सांगते, आणि भावजी तिच्या आवाजावर डोळे मिटून गाडीत चढतात. बाकीची माणसं मान वर करून बोर्ड वाचतात, हे नाहीत. घरचंच माणूस सांगतंय तर बोर्ड कशाला बघायचा, हे यांचं म्हणणं.

त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, पैसे घेऊन स्टेशनवर ये. झालं होतं असं की, एक नंबरवर साधी गाडी येतेय असं ऐकून हे चढले आणि ती निघाली जलद गाडी. तिकीट होतं साध्या गाडीचं. गाडी सुटायच्या आतच तिकीट तपासनिसाने धरून खाली उतरवलं, दंड ठोकला, आणि खिशात तेवढे पैसे नव्हते. मी हातातलं काम टाकून धावत गेले, तर हे तक्रारीच्या खिडकीपाशी बाह्या सरसावून उभे. दंड भरणार नाहीतच म्हणे, उलट रेल्वेनेच माफी मागायची. ऐन वेळी गाड्यांची अदलाबदल केली आणि लोकांना सांगितलं नाही, असा दावा. ताईचं चुकलं असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. मी म्हटलं, भरा आणि सुटा. ऐकतील तर शपथ.

खिडकीतल्या साहेबांनी आधी समजावलं, की अदलाबदल वगैरे काही झालेली नाही, बोर्डावर बरोबर होतं, बाकी कुणी चुकलं नाही. मग तेही वैतागले.

"हे बघा, अनाउन्समेंट टेप होते. मी मागवतो. बाई चुकीचं बोलल्या असतील तर तुमचा दंड माफ. त्यांना गेल्या महिन्यातच ताकीद मिळालीय, आता माइकवरून काढतील. बोला, मागवू?"

त्यांना काय माहीत, बाई यांची कोण ते. त्या ताकिदीनंतर ताई कितीतरी दिवस धड जेवली नव्हती. माइकवरून काढलं की सामानाच्या गोदामात पाठवतात, आणि तिचा तर सगळा जीव त्या माइकमध्ये. मी भावजींकडे बघत राहिले. हा माणूस आता स्वतःच्या बायकोवरही खटला भरतो की काय!

"नको," ते म्हणाले. "त्या बरोबरच बोलल्या. माझंच लक्ष नव्हतं."

साहेबांनी दंड घेतला आणि वर उपदेशही पाजला, या वयात जरा कान उघडे ठेवून प्रवास करावा म्हणून. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भावजी नुसते हो म्हणाले.

जिना उतरताना मात्र त्यांचा तोल गेला. "एवढी वर्षं भांडलो. आज पहिल्यांदा शंभर टक्के खरं होतं माझं, आणि तेच गिळावं लागलं. तू घरी एक अक्षर बोललीस तर याद राख."

ताईच्या कानावर आज ना उद्या जाणारच होतं, म्हणून संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, भलत्या गाडीत बसलो, दंड भरला. ताईने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, तशीच सुरू झाली.

"मी तिथे घसा फोडून सांगते आणि तुम्ही भलतीकडेच चढता! ऑफिसात कळलं तर हसतील मला. जगाशी भांडता ते भांडा, बायकोचं तरी नीट ऐकत जा."

"ऐकेन," भावजी म्हणाले. "उद्यापासून नीट ऐकेन."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेले, नाहीतर सगळं बोलून बसले असते.