राजाचे पाय आणि आमचे

१९५४ सालचा मार्गशीर्ष. थंडी नुकती पडू लागली होती. त्या थंडीत आमच्या जाळीच्या दुकानात एक ससा आला आणि त्याच्यामागून किस्से येत गेले. असे किस्से कुणी साठवत नाही. कोपऱ्यातल्या तारेच्या तुकड्यांसारखे ते आपोआप साठतात आणि कधीतरी पायाला टोचतात. यातल्या बहुतेकांत मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली. तरी सांगतो.

दुकान उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, जुन्या मिलिटरी बराकीत. पुढे दुकान, पडद्यामागे मालकाचं घर. मालक परसूशेठ, सिंधी. कामाला आम्ही दोघे, मांजर्लीचा दत्तू आणि चामटोलीचा मी, गणपत. उंदराचे सापळे, चाळण्या, पोपटाचे पिंजरे करायचो. शाळा मी दुसरीत सोडली. पण तारेच्या कामात मला कुणी शिकवू नये, अशी तेव्हा माझी समजूत होती.

*

अंबरनाथच्या एका कारखान्यातले साहेब पिंजरा घेऊन आले. आत पांढरा ससा, त्यांच्या मुलांनी पाळलेला. नाव राजा. पिंजऱ्याचं दार निखळलं होतं, तेवढं बसवायचं होतं. तळाला लाकडी फळी, वर गवत.

"फळी?" मी दत्तूला म्हणालो. "हे सुताराचं काम झालं. आपण तारवाले."

कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी फळी काढली आणि खाली जाळी ताणून बसवली. पोपटाच्या पिंजऱ्याला बसवायचो तशीच. घाण खाली पडते, पिंजरा स्वच्छ राहतो. जाळी इतकी ताठ की बोट मारलं की वाजायची. फळी दत्तूने चहाखाली जाळली.

साहेब परत आलेच नाहीत. त्यांचा शिपाई आला. म्हणाला, "साहेबांची बदली झाली. ससा तुम्हीच ठेवा."

"और मजुरी?" शेठने विचारलं.

"ससा हीच मजुरी," शिपाई म्हणाला आणि सायकलवर बसला.

*

शेठच्या आईला सगळे अम्मा म्हणत. साठीची बाई, दिवसभर पापड लाटायची. राजाचा पिंजरा तिने पडद्यामागे नेला. महिनाभराने ती राजाला उताणा धरून दुकानात आली. मागच्या दोन्ही पायांच्या तळव्यांवरचे केस गेले होते. कातडी लालभडक, एका पायाला जखम.

"ये नीचे का जाली किसने लगाया?"

आम्ही तिघांनी आपापल्या तारेत डोकं घातलं. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी ताणलेली एक मोठी चौकट विटांवर ठेवलेली होती. अम्माने तिच्याकडे बोट केलं.

"चप्पल उतारो. तीनों. ऊपर खड़े रहो."

उभे राहिलो. शेठचं वजन भारी. थोड्या वेळात त्याचा एक पाय वर, मग दुसरा.

"अम्मा, बस ना," तो म्हणाला.

"राजा महीना भर खड़ा था. उसने बस बोला?"

तेवढ्यात बदलापूरचं एक गिऱ्हाईक आत आलं. कोट, टोपी, हातात छत्री. तीन मोठी माणसं अनवाणी जाळीवर उभी. गृहस्थांनी निरखून पाहिलं.

"मजबुती बघताय वाटतं?"

"हां साईं," शेठ कळवळत म्हणाला. "तीन आदमी का वजन."

"मग हीच द्या. मला अशीच पाहिजे."

अम्मा तोंडाला ओढणी लावून आत गेली.

*

कल्याणला गुरांच्या दवाखान्यात मला पाठवलं. राजाला बाजाराच्या पिशवीत घातलं, वर टॉवेल. माझ्या पुढे बैल, मागे म्हैस. म्हशीचा मालक नेमका आमच्याच गावचा, महादू.

"गणपत, पिशवीत काय रे?"

"भाजी."

भाजीने कान वर काढले.

डॉक्टर चांगले होते. हसले नाहीत. पाय पाहिले. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, नीट कोरडे करा, खाली फळी ठेवून सुकं गवत घाला, ओलं झालं की बदला, असं म्हणाले. मग विचारलं, "आत्ता तळ कशाचा आहे?"

"तारेचा."

"कुणी केला हा उद्योग?"

मी राजाचे कान सरळ करत बसलो. मागून महादू म्हणाला, "यानंच केला आसंल, डागदर. गावात सांगत फिरतो, माज्या जाळीला तोड नाय."

परतताना सुताराच्या दुकानी थांबलो. फळी मागितली.

"तारवाल्याला फळी कशाला लागते रे?"

मी म्हणालो, "तू फळी काप."

*

राजाचा पाय बरा होत होता, तेवढ्यात माझ्या पायात तारेचं टोक घुसलं. सांगितलं नाही. पाय सुजला, तरी चामटोलीहून रोज येत राहिलो. दत्तूला कळलं नाही, शेठला कळलं नाही. अम्माला कळलं.

"गणपत, तू राजा के माफ़िक चलता है."

तिने मला स्टुलावर बसवलं आणि घमेलं आणलं. मी पाय मागे घेतला. आईच्या वयाची बाई. तिने माझ्या पायाला हात लावायचा?

"अम्मा, नको. पाप लागेल."

"राजा से सीख, पुट. वो चुप बैठता है." सिंधीत मुलाला पुट म्हणतात.

तिने आधी राजाचे पाय धुतले. पाणी बदललं, मग माझा धुतला. टाच हातात धरून, सावकाश. मी छपराकडे बघत होतो. एवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

दत्तू दारातून म्हणाला, "आधी राजा, मग परजा."

घरी आईला सांगितलं. तिने भाकरी थापायची थांबवली.

"म्हातारी बाय तुजं पाय धुते नि तू बसून रायलास? आता तिचं पाय धुतल्याबिगर हे फिटायचं नाय."

*

फेडणार कसं? अम्मा कुणाला पायाला हात लावू देत नसे. कुणी वाकलं की पाय वर घ्यायची. मुलगा असो, सून असो.

चैत्रात चेटीचंड आला, सिंध्यांच्या नव्या वर्षाचा सण. दुकान बंद, सगळे नवे कपडे घालून जमलेले. अम्मा खाटेवर बसली होती. वाटलं, आज सणाचा दिवस, नाही म्हणणार नाही. मी गेलो आणि पटकन वाकलो.

तिने माझ्याहून पटकन पाय वर घेतले. खाटेखाली राजा बसला होता. माझं डोकं त्याच्यासमोर टेकलं. हातही त्याच्या पायांवर गेले.

बराकीतली पोरंटोरं, बायाबापड्या, सगळे बघत होते. दत्तू गंभीर चेहरा करून म्हणाला, "राजा, आशीर्वाद दे की त्याला."

राजाने माझं बोट चाटलं. मी सणाचं जेवण न जेवता घरी निघालो. अम्माने गोड भाताचा डबा घेऊन शेठला माझ्यामागे पळवलं. म्हणजे ऋण आणखी वाढलं.

*

वैशाखात पापडांचं काम जोरात असे. एके दुपारी अम्मा पापडाचं पीठ कुटत होती. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. शेठने विचारलं, "अम्मा, क्या हुआ?"

"कुछ नहीं. काम कर."

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला आत गेलो. ती पापड लाटत बसली होती, राजा शेजारी. तिने उजवा पाय घागऱ्याखाली घेतला होता. उठून तिने राजासाठी गवत आणलं, तेव्हा चाल पाहिली. अंगठा ठेचला होता. नख काळंनिळं, कडेने रक्त.

मी बाहेर आलो. घमेलं घेतलं, पाणी कोमट केलं, मीठ टाकलं. फडकं खांद्यावर घेतलं. शेठ आणि दत्तू हातातलं काम सोडून पडद्याशी आले.

मी घमेलं तिच्यापुढे ठेवून खाली बसलो. तिने पाय वर घेतले.

"रहने दे, पुट."

मी राजाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

"राजा से सीखो, अम्मा. वो चुप बैठता है."

तिने राजाचे कान सरळ केले. मग तिने पाय खाली सोडले.

मी धुतले.