यंदा आमचे गाणे नाही

मित्रहो, आपल्या मंडळाची फिरती वही आज लिहिण्यासाठी माझ्याकडे आली आहे, म्हणून आजचेच सांगतो. यंदा गणपतीच्या मेळ्यात नंदाखाल गावच्या इनासची आणि माझी गाणी नसतील.

बारा वर्षे शब्द माझे आणि चाल त्याची. प्रत्येक कडव्यातली तिसरी ओळ मी कोरी सोडायचो. तिथे फक्त त्याचे व्हायोलिन वाजायचे.

दुपारी नवे गाणे घेऊन त्याच्या वाडीत गेलो. तो केळीला पाणी सोडत होता. पानांतून उजेड हिरवा होऊन उतरत होता. आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत असे वाटले.

इनासने कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

“मास्तर, तीन वर्सं त्या कोऱ्या ओळीत मी एकच चाल वाजवतो. तुमाला कळलं नाय?”

“पहिल्याच वर्षी कळलं.”

“मग बोललात का नाय?”

“तू सोडून देशील म्हणून.”

तो हसला. “आनि तुमी रागवाल म्हनून मी वाजवत राहिलो. दोघंबी खुळेच!”

पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचले. मग मीच म्हणालो, “थांबू या.” त्याने मान हलवली. फार वाईट वाटेल अशी भीती होती, पण झोपेत होते तसे अंग हलके झाले.

निघताना तो म्हणाला, “आयतारी या. काम नसताना.”

बारा वर्षांत आम्ही काम नसताना, रविवारीसुद्धा, एकदाही भेटलो नाही. मित्रहो, दोन माणसे नुसतीच भेटतात तेव्हा काय बोलतात?