ग्रहणातला कांदा

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत सरूबाईएवढा मोठा आवाज कुणाचा नाही, आणि तिच्याएवढ्या गुपचूप चहाड्याही कुणी करत नाही. तिची थोरली अपेक्षा जन्मापासून बहिरी. मायलेकी हातवाऱ्यांनी बोलतात. तुमच्यादेखत तुमची नालस्ती चालते आणि तुम्ही आपले चहा पीत बसता. माझ्या टकलाची खूण मला तीन वर्षांनी कळली!

पण एक गोष्ट सरूबाई ना तोंडानं बोलायची, ना हातानं. पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण लागलं तेव्हा अपेक्षा पोटात होती, आणि सरूबाईनं चिवड्याला कांदा चिरला. नणंद चंपाबाईनं ते पाहिलं. पुढं पोरगी हाकेला वळेना, तेव्हा चंपाबाईनं भावकीभर केलं, "हिनंच लेकराचा कान चिरला." नवरा कडूबा एसटीत कंडक्टर. तो मरेपर्यंत यावर गप्पच राहिला. ते गप्प राहणं सरूबाईला जास्त लागलं.

धाकटा सोमनाथ वाळूजला कामाला. त्याला सरूबाईनं हट्टानं सख्ख्या भावाची तनुजाच केली. त्या लग्नात मी दोनदा जेवलो. पाळण्याची गोष्ट निघाली तशी तनुजा म्हणाली, "आत्या, आधी आमच्या दोघांचं रक्त तपासू. बाळाला ऐकू येईल का, ते कळू द्या. मग बघू."

"ग्रहण पाळ, बास झालं. रक्ताला काय धाड भरलीय?"

तरी तपासलंच. रिपोर्ट आणायला त्यांनी मला इंग्रजी वाचायला नेलं असं मी सांगतो. खरं तर मीच रिक्षात घुसलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघंही वाहक आहेत."

सरूबाई खदखदून हसली. "वाहक व्हय? अवो, वाहक याचा बाप हुता! बिल्ला अजून पेटीत हाये. ही पोरगी कवा झाली?"

मीही हसलो. तनुजा हसली नाही.

बाईंनी नीट सांगितलं. दोष रक्तात लपलेला असतो. वाहकाला स्वतःला काही होत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला, तर मूल बहिरं होतं. "दर खेपेला चारात एक शक्यता. दिवस गेल्यावरही तपासता येतं. काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा."

सरूबाईचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "मग कांदा?"

"कुठला कांदा?"

सोमनाथनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "ग्रहणाचा काही संबंध नाही. अपेक्षाला ते तुमच्याकडून आणि तिच्या वडिलांकडून, दोघांकडून आलं."

"लाव रं फोन चंपाबाईला!" सरूबाई ताठ झाली. मग तिचा हात सोमनाथच्या खांद्यावरच थांबला. "अन् तनुजाकडं कुठून आलं?"

"भावाची मुलगी ना? तुमच्या माहेरचंच असावं."

"मीच आणली की गं तुला," सरूबाई म्हणाली.

"उगी राहा, आत्या," तनुजा म्हणाली, पण तिनं मान वर केली नाही. फोन राहिला तो राहिलाच.

घरी अपेक्षानं शिलाई मशीन थांबवली आणि काय झालं म्हणून हातानं विचारलं. कुणी सांगेना. तिनं तनुजाच्या पिशवीतून कागद ओढला, बाईंनी मराठीत लिहून दिलेलं वाचलं. मग चार बोटं दाखवली, तीन मिटली, उरलेलं एक आपल्या छातीवर ठेवलं आणि आईकडं बघत राहिली.

सरूबाईचे हात मांडीवरून उठले नाहीत. तनुजा आत निघून गेली.

मला राहवेना. मी माझ्याच टकलाची खूण केली. कुणी हसलं नाही.