भीमामावशींची पाणपोई आणि चिमूटभर मीठ

आमच्या गल्लीतली पाणपोई बंद पडली ती माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते.

इथे हिंदी मुलखात, बनी पार्कातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, उन्हाळाभर चार मोठे माठ असतात. वर ओलं लाल कापड, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेतून येणारी मुलं, सगळे तिथे थांबतात. माठ भरतात तळमजल्यावरच्या भीमाबाई ढोके. गल्ली त्यांना आंटीजी म्हणते, मी मावशी. मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर त्यांना नोकरी मिळाली ती रेल्वेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याची. दहावी पास बाई, पण भांडं हातात आलं की "यात काय होतं साहेब?" असं विचारल्याशिवाय विसळत नसत. अशी तीस वर्षं विचारून झाल्यावर इंजिनात घालायचं पाणी पास की नापास, हे साहेबच त्यांना विचारून सही करू लागले.

माझा मुलगा संकल्प दहावीत आहे. मे महिन्यात दोन दिवस त्याचं पोट बिघडलं. त्या आठवड्यात त्याने पाच प्याज कचोऱ्या खाल्ल्या होत्या, पण मला कचोरी सुचली नाही, पाणी सुचलं. शाळेतून येताना तो माठाचं पाणी पितो ना! काळजी मला जन्मजात आहे. पदवी घेतल्याने ती कमी झाली नाही, फक्त जास्त मुद्देसूद झाली.

मी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणाऱ्या पवनला बोलावलं. त्रेचाळीस डिग्रीत टाय घालून आला. पार्किंगमध्ये टेबल मांडलं, दोन ग्लास ठेवले. एकात माठाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवल्या आणि बटण दाबलं. यंत्राचं पाणी जसंच्या तसं राहिलं. माठाचं मात्र आधी पिवळट झालं, मग हिरवट, मग काळपट, आणि वर तपकिरी फेस!

"मैडम," पवन हळू आवाजात म्हणाला, "ये आप बच्चे को पिला रही थीं?"

मी ओरडले की काय आठवत नाही, पण सोसायटीचे सेक्रेटरी शेखावतजी धावत आले. संध्याकाळपर्यंत चारही माठ पालथे झाले.

मावशी तेव्हा भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी परतल्या आणि पिशवी न ठेवताच वर माझ्या दारात आल्या.

"काऊन वं रुचिता, माठ काऊन पालथे?"

मी चाचरत सगळं सांगितलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. वाटलं, आता रागावतील.

"पाण्याले शिवू नका म्हणणारे म्या लय पायले," त्या म्हणाल्या. "टाय घालून आलेला हा पहिलाच. बोलाव त्याले पुन्हा. अन् मीठ काढून ठेव."

पवन आनंदाने आला. इमारतीत बारा घरं आहेत; तो बारा यंत्रांची स्वप्नं घेऊन आला असणार. पुन्हा टेबल, पुन्हा सगळे जमले. माठात भरतात ते पाणी पुन्हा काळं झालं, मी पुन्हा दचकले.

मावशी पुढे झाल्या. "पहिले बटन बंद." त्याने बंद केलं. "आता तुझं चोख पाणी दुसऱ्या ग्लासात घे. हे मीठ त्यात टाक. चिमूटभरच. रुचिताच्या स्वयंपाकघरातलं आहे, जहर नाई."

"आंटीजी, ये टेस्ट का पार्ट नहीं है," पवन म्हणाला.

"तो अब बना लो," शेखावतजी मिशीतून म्हणाले.

मीठ पडलं, कांड्या बुडाल्या, बटण दाबलं. मिनिटभरात पवनचं चोख पाणी पिवळट, हिरवट, काळपट. फेस तर माठाच्या पाण्यापेक्षा जाड!

"मतलब मीठच खराब?" संकल्पने विचारलं.

"तुले शाळेत आयन शिकवले का नाई?"

"पाठ केलेत."

"तेच तर. ऐक. सोडियमपाशी एक इलेक्ट्रॉन असा, की गेला तर बरा. क्लोरीनले एक कमी. यानं दिला, त्यानं घेतला. देणारा धन झाला, घेणारा ऋण, अन् दोघं एकमेकांकडे ओढले गेले."

"जोडी झाली."

"इथंच मार्क जातात तुमचे! जोडी नाई रे. मिठाच्या खड्यात एकेका सोडियमभोवती सहा क्लोरीन, एकेका क्लोरीनभोवती सहा सोडियम. कोणी कोणाचा एकट्याचा नाई, सगळी पंगत. पाण्यात टाकलं की पंगत उठते अन् सगळे हिंडाले मोकळे. हे हिंडणारे असले तरच पाण्यातून वीज जाते. याच्या यंत्रानं ते काढून टाकले, म्हणून त्याच्या ग्लासात काईच घडत नव्हतं. माठाच्या पाण्यात ते आहेत. असतातच."

"मग काळं कशानं झालं?" हे मी विचारलं.

मावशींनी बटण बंद करवलं, कांडी उचलली आणि फडक्याने पुसली. कांडी खालून कुरतडल्यासारखी दिसत होती.

"यानं. वीज गेली की लोखंड आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, तिथल्या हायड्रॉक्साइडले जाऊन मिळतं, अन् गंजाचा गाळ होतो. घाण पाण्यात नव्हती, बाई. कांडीची होती."

पवन टाय सैल करत होता. "मुझे ट्रेनिंग में यही सिखाया था," तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं.

"तो पानी ठीक है?" शेखावतजींनी विचारलं.

"ते हे डबडं सांगू शकत नाई. इथल्या जमिनीत फ्लोराइड असू शकते, नायट्रेट असू शकते. त्याले प्रयोगशाळा लागते." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. याच पाण्याचा मार्चमधला तपासणीचा अहवाल, सगळे आकडे मर्यादेत.

"मावशी, हा आधी का नाही दाखवलात?"

"विचारलं कोणी? माठ पालथे करायले तर कोणी विचारलं नाई."

शेखावतजी पहिल्या माठाकडे वळले, तशा मावशी म्हणाल्या, "राहू द्या. हिनं पालथे केले, हीच सुलटे करन."

मी चारही माठ घासले, भरले, कापड ओलं केलं. मावशींनी पहिलं ओगराळं माझ्यापुढे धरलं. सगळी इमारत बघत होती. "गाळलंय ना?" असं माझ्या तोंडून निघालंच, आणि संकल्प इतका हसला की खाली बसला. मी प्यायले. गार होतं.

"तुले काळजी करायची हौस आहे ना," मावशी म्हणाल्या, "मंग तिले कामाले लाव. दर महिन्याले पाण्याचा नमुना आता तूच प्रयोगशाळेत नेशील."

घरात सगळे झोपलेत आणि मी हे लिहिते आहे, कारण उद्या पहिला नमुना द्यायचा आहे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, असं मावशींनी बजावलंय. मी पाच वेळा विसळणार आहे.