वहिनीनं आणलेली माणसं

दादा स्वतःहून कधी फोन करत नाही. लातूरहून फोन यायचा तो सुमनवहिनीचा. पाच-दहा मिनिटं आमचं बोलून झालं की ती म्हणायची, "धर, तुझा भाऊ बोलतोय," आणि दादा "बरी हायस ना?" एवढं विचारून फोन परत तिच्या हातात द्यायचा. म्हणून त्या दिवशी सकाळी नांदेडच्या माझ्या घरी फोन वाजला आणि आधीच दादाचा आवाज आला, तेव्हाच काहीतरी झालंय हे मला कळलं. "शकू, ती उठली न्हाई गं..." एवढंच तो बोलला. वहिनी झोपेतच गेली होती. त्याला आता सहा आठवडे होतील. भेटायला आलेले सगळे ती किती प्रेमळ होती ते सांगत राहिले. प्रेमळ तर ती होतीच, पण मला आठवते ती तिची हिंमत.

ती आमच्या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी चौदाची. माझी आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. कंधारच्या दोन खोल्यांत बापू म्हणजे माझे वडील, तहसिलात कारकून असलेला दादा आणि मी, असे तिघं राहायचो. वहिनी आली आणि सहा महिन्यांत लातूर नवा जिल्हा झाला. नवी कार्यालयं उघडली आणि दादाची नेमणूक तिकडं झाली. त्याच वर्षी पावसानं दडी मारली. घर शोधायला दादा आणि वहिनी एसटीनं लातूरला जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. नव्या जिल्ह्यात कारकून, शिपाई, मास्तर, सगळेच खोली शोधत होते. आमची अडचण वेगळी होती. घरमालक आडनाव विचारायचा, गाव विचारायचा, मग "खोली कालच दिली की" म्हणायचा. दादा अशा वेळी खाली मान घालून चपला घालायचा. चौथ्या का पाचव्या घरी वहिनीनं प्रश्नाची वाटच पाहिली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आम्ही बौद्ध हावोत. चालत असंल तर खोल्या दाखवा, न्हाई तर आमचाबी वेळ जाऊ देऊ नका."

ती घरमालकीण एक विधवा बाई होती, आम्ही पुढं तिला काकू म्हणायला लागलो. तिनं वहिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "माणसं किती?" नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तिला हिशेब पाण्याचा होता. "चार," वहिनी म्हणाली. तीन खोल्या मिळाल्या. त्यातली मधली, खिडकीची, माझ्या अभ्यासाला, असं दादानं कबूल केलं आणि मी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या खोलीत पुस्तकं मांडली.

महिना झाला नसेल, वहिनीच्या माहेरचं पत्र आलं. तिचं माहेर जळकोटच्या बाजूला. ती एकुलती एक. तिचे वडील तात्या विहिरी खोदायचे. सुरुंगाचा दगड उडून त्यांचे डोळे गेले होते. आई गयामाय मजुरीला जायची, पण त्या साली शिवारात मजुरीच नव्हती आणि गावातली विहीर आटली होती. दुपारी जेवायला वाढता वाढता वहिनी बापूंना म्हणाली, "मामा, माझ्या मायबापाला हितं आणायचंय." दादाचा घास हातातच राहिला. "लेकीच्या घरी?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?" वहिनी भाकरीची टोपली धरून तिथंच उभी राहिली. बापूंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "लोकायला बोलायला काय लागतंय? जा, घेऊन ये. शकूला सोबत ने."

तात्या घरापुढं दगडावर बसले होते. लेकीचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला, पण कशाला आली ते कळलं तसे ते आक्रसून गेले. "बाप लेकीच्या घरचं पाणीबी पीत न्हाई, सुमे. मी काय तिथं कोपऱ्यात बसून तुकडे मोडू?" गयामाय पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल. वहिनी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "तुकडे मोडायला कोण बोलवून राहिलंय? आमच्या गल्लीच्या तोंडाला हापसा हाय. पाणी लई खोल गेलंय, दांडा जड चालतो, बायांचे खांदे मोडून राहिले. तुमी या आन् हापसा. तुमचं पाणी तुमच्या हातानं काढा, मग तर पिताल?" तात्यांनी आपले तळहात एकमेकांवर घासले. मग म्हणाले, "मला दिसत न्हाई गं." "हापसायला डोळे कशाला लागतात, दादा?" ती वडिलांना दादा म्हणायची. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आम्ही चौघं निघालो.

दारात काकू उभीच होती. "चार सांगितली होतीस," ती म्हणाली. मी घाबरून वहिनीचा पदर धरला. खोल्या सोडायला लावल्या तर पुन्हा ती आडनावांची वणवण... "तवा चारच होतो, काकू. आता सहा झालो," वहिनी म्हणाली. "तुमच्या नळाचं पाणी चौघांचंच घेऊ. एक कळशी जास्त दिसली तर मला सांगा, मी स्वतः सामान बाहेर काढते." काकू आत निघून गेली. त्या ना होय ना नाही अशा उत्तरावर आम्ही तिथं राहिलो.

दुसऱ्या सकाळी वहिनीनं तात्यांचा हात धरून त्यांना हापशापर्यंत नेलं. पावलं मोजून दिली. तिसऱ्या दिवशी ते एकटे गेले. काही बाया आधी घागर लांब ठेवून म्हणायच्या, "आमचं आमी हापसून घेऊ." तात्या दांडा सोडून बाजूला व्हायचे, त्यांचं भरलं की पुन्हा धरायचे. मग एक पोटुशी बाई आली, तिनं घागर तोटीखाली ठेवली आणि शेजारी बसूनच घेतलं. तिच्यामागून दुसरी, तिसरी. घागर भरत आली की आवाज बदलतो, त्यावरून तात्या बरोबर थांबायचे, थेंब सांडायचा नाही. पंधरा-वीस दिवसांनी एकदा मी शाळेतून आले तर काकू स्वतः तिथं उभी. तिनं आपली कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "तात्या, माझीबी भरा." वहिनी ओसरीवरून बघत होती. तिनं आत जाऊन चूल पेटवली.

मी मात्र त्या दिवसांत वाईट वागले. माझी खोली तात्या आणि गयामायला दिली होती. एकदा तिमाहीचे मार्क कमी पडले आणि मी चिडून वहिनीला म्हणाले, "तुझी माणसं आली आन् मला माझ्याच घरात जागा न्हाई राहिली." ती भाकरी थापत होती. हात थांबले. "तुझी माय असती," ती हळू म्हणाली, "तर तिच्यासाठी सरकली असतीस का न्हाई?" मी रडत बाहेर पळाले. संध्याकाळी गयामायनं माझी पुस्तकं खिडकीपाशी परत मांडली होती आणि स्वतःची गोधडी भिंतीकडं सरकवून घेतली होती. पुढं मी तिथंच बसून शिकले, मास्तरीण झाले. गयामायला अक्षर कळत नव्हतं, पण मी मोठ्यानं वाचायचं थांबले की ती विचारायची, "संपलं का गं?"

तात्या आणि गयामाय तिथं कित्येक वर्षं राहिले आणि सुखानं गेले. दादानं नंतर स्वतःचं घर बांधलं, तेव्हा वहिनीनं गवंड्याकडून पुढच्या बाजूला एक खोली जास्तीची काढून घेतली. कोणासाठी, विचारलं तर म्हणायची, "येईल कोणीतरी." तीन वर्षांपूर्वी तिच्या सुनेचे, अर्चनाचे, वडील वारले. आई इंदूबाई धर्माबादला एकटी पडली. अर्चनाला सासरी सांगायचं धाडस होत नव्हतं. वहिनी गुडघे दुखत असताना जीप करून गेली आणि इंदूबाईला घेऊन आली.

मागच्या आठवड्यात मी लातूरला गेले तेव्हा इंदूबाई त्या खोलीत पिशवी भरत होती. "जिनं आणलं ती बाई गेली," ती मला म्हणाली. "आता मी कोणाच्या तोंडाकडं बघून राहू?" अर्चना दवाखान्यात ड्यूटीवर होती. तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. माझा हा अबोल भाऊ, पासष्टी ओलांडलेला. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेलं. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले.

"विहीणबाई," तो म्हणाला, "चार भाकरी मोडल्या. थापायला घेतली की चिरून राहिलीय."

इंदूबाईनं वर पाहिलं. "पाणी कसं घातलंत?"

"गार."

"गार पाण्यानं कशी व्हईल हो ती..." तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडं निघाली. "आधी हात धुवा. पीठ मी मळते." दादा तिच्या मागं गेला. मी खाली बसले आणि पिशवीतली लुगडी एकेक काढून कपाटात परत लावली.