लेसरवाल्या ताईंचा सत्कार

बाळांनो, तुमच्या आईच्या शिरूरमधल्या सत्काराचा व्हिडिओ अर्ध्यातच का तुटतो, असं तुम्ही विचारलंत. सांगते.

तुमची आई सिलिकॉनच्या चिपवर लेसर तयार करते. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, म्हणून त्यावर दुसऱ्या स्फटिकाचे थर वाढवावे लागतात. दोन्हींच्या अणूंची मांडणी जुळत नाही, थरांत दोष राहतात आणि लेसर लवकर मरतो. तो जगवण्यात तिची अकरा वर्षं गेली. निमंत्रण घेऊन आलेल्या शाळेच्या अध्यक्षांना मी हे चहा गार होईपर्यंत समजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना फक्त ‘लेसर’ तेवढं कळलं होतं.

सत्काराच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात पाहते तर काय, सणसवाडीहून मागवलेला वरातीतला डीजे, वर त्याचा लेसर! समोर पहिल्या रांगेत आठवीच्या मुली. मान हलवायची नाही, अशी त्यांना ताकीद.

आईनं डबीतली चिप दाखवली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली.

“पेटवा की, ताई.”

“पेटवली तरी दिसणार नाही, आप्पा. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. माहिती वाहून नेण्यासाठी असतो.”

“दिसत न्हाई? मग लेसर कसला? आवं, ह्याला म्हंत्यात लेसर!”

त्यांनी हात वर केला. हिरवे झोत थेट मुलींच्या तोंडांवर नाचू लागले. मंडपभर टाळ्या पडल्या. दोन माझ्याही होत्या, हेही लिहून ठेवते.

आई माइकवर ओरडली, “बंद करा! डोळे जातील पोरींचे!” डीजेपुढे कोण ऐकतंय! मग ती शाल-नारळासकट व्यासपीठावरून उतरली, जनरेटरपाशी गेली आणि वायर उपसली. मंडपातले दिवेही गेले. तुमचा व्हिडिओ इथेच संपतो.

“ताई, आवं, तुमच्यासाठीच लावला हुता!”

“म्हणूनच मी काढला.”

दिवे आल्यावर अध्यक्षांनी जाहीर केलं, “ताई परवासानं दमल्यात.” मग चाळीस मिनिटं स्वतःच बोलले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या घरच्या लग्नात तोच लेसर होता. मी गेले नाही. स्वयंपाकाच्या बाईंची मुलगी आठवीत आहे, ती गेली होती. बाई म्हणाल्या, “आजी, वरातीत समद्या पोरी लेसरकडं पाठ करून नाचत हुत्या. अध्यक्ष लई चिडलं.”