तिसऱ्या कैद्यावरचा प्रकाश

ईस्ट कोस्टला आमच्या कॉन्डो संकुलात समोरच्या फ्लॅटमध्ये एक कोरियन बाई राहते. पुण्यात असताना मी कॉलेजच्या एकांकिकांना प्रकाशयोजना करायचे, हे मी तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिच्या चर्चने नाटक बसवलं, तेव्हा ती सरळ म्हणाली, "लाइट तू कर."

"मला कोरियन येत नाही. आणि मी ख्रिस्तीही नाही."

"दिव्यांना कुठे काय कळतंय," ती म्हणाली.

मग ऑफिस सुटलं की मी चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कातून थेट तालमीला जाऊ लागले. नाटक कोरियातल्या युद्धाच्या काळातलं होतं. तीन ख्रिस्ती कैदी असतात. 'मी येशूला मानत नाही' असं लिहिलेल्या कागदावर सही केली की सुटका. दोघं नकार देतात आणि मारले जातात. तिसरा सही करतो. शेवटी दोघा हुतात्म्यांवर प्रकाश ठेवायचा आणि तिसऱ्यावरचा हळूहळू काढून घ्यायचा, असं संहितेत होतं. खरं सांगायचं तर तो अंधार मला फार आवडला होता.

रंगीत तालमीला शेजारणीची आई आली. ऐंशी ओलांडलेली, सोलहून महिनाभरासाठी आलेली. शेवटचा प्रवेश संपल्यावर त्या आजी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "त्याला अंधारात का टाकलं, विचारतेय."

"त्याने श्रद्धा सोडली म्हणून," दिग्दर्शक अदबीने म्हणाला.

"माझ्या वडिलांनी सही केली होती," आजी म्हणाल्या. " आम्ही चार लहान भावंडं होतो. पुढे दर रविवारी ते आम्हाला चर्चच्या दारापर्यंत सोडायचे आणि स्वतः बाहेर उभे राहायचे. बर्फ पडत असला तरी. आत चला म्हटलं, तर म्हणायचे, मला तो हक्क नाही."

इथे शेजारणीचं भाषांतर थांबलं. आजोबांची ही गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती. पुढचं मला तिथल्या एका नटाने भाषांतर करून सांगितलं.

चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पण मग जे मेले, त्यांचं काय?"

"त्यांच्यावरचा प्रकाश कमी करा, असं मी कुठे म्हणतेय?" आजी म्हणाल्या.

दिग्दर्शक माझ्यापाशी आला. त्याने विचारलं, "तिसरा दिवा चालू ठेवता येईल?"

"येईल."

प्रयोगाला तिघंही शेवटपर्यंत उजेडात राहिले. पडदा पडल्यावर, आजींची गोष्ट कानावर गेलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्यांच्यापाशी आले आणि एवढंच म्हणाले, "सही माझ्या काकांनीही केली होती." आम्ही वायरी गुंडाळत होतो, तोवर ते दोघं रिकाम्या हॉलमध्ये बोलत बसले होते. मध्येच आजी हसल्याही.

सोलला परत जाण्याआधी आजींनी लेकीला आपल्या वडिलांबद्दल आठवेल ते सगळं सांगितलं. ती आता ते लिहून काढतेय. कुठे अडली की आमचं दार वाजवते. मी चहा टाकते, आणि ती वाचून दाखवते.